आबांचं गाऱ्हाणं

नारळ हातात आला की आबा आधी तो कानाशी हलवून बघायचे, मग डोळे मिटायचे. "बारा गावच्या, बारा वेशीच्या देवा म्हाराजा..." आणि मागून आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा." नवी बोट असो की कुणाची बारावीची परीक्षा, तारकर्लीतल्या आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायला आबाच. असा एखादा माणूस तुमच्याकडेही असेल. देवाशी आपली ओळख त्याच्यामार्फतच. एरवी ते बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे आणि देवाशीही इंजिनाशी बोलावं तसंच दरडावून बोलायचे.

त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. गोव्याच्या इस्पितळात न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण गाडी माझी. केमोनंतर नवं इंजेक्शन सुरू करायचं होतं. डॉक्टरांनी समजावलं, "गाठीच्या पेशींवर रिसेप्टर असतात. कानच समजा. 'वाढा, मरू नका' हा निरोप ते ऐकतात. हे इंजेक्शन ते कान बंद करतं."

आबा म्हणाले, "म्हणजे आत कोण तरी गाऱ्हाणा घालता आणि गाठ व्हय म्हाराजा म्हणता."

डॉक्टरांना ते कळलं नसावं, पण त्यांनी मान डोलावली. चेहऱ्यावर पुटकुळ्या येतील, बऱ्याचदा ती औषध लागू पडल्याची खूण असते, असंही ते म्हणाले.

पुटकुळ्या आल्या, भरपूर आल्या. आबांची बायको, आमची काकी, कोकमाचं तेल घेऊन मागे लागायची. इस्पितळातून मलमही दिलं होतं. आबा दोन्ही लावू देत नसत. "नको गो, औषध पुसान जायत." आग सोसत बसायचे. रोज सकाळी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून मला हाक. "बघ रे झिला, कालच्यापेक्षा जास्त आसत मा?"

"जास्त आसत, आबा," मी म्हणायचो. मग ते खुशीत चहा प्यायचे.

पुढे चेहरा निवळू लागला. वाडी खूश झाली. आम्ही दोघं स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टर म्हणाले, पुटकुळ्यांचं सोडा, स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसतायत. कान बंद केले तरी त्यांनी जगायची दुसरी वाट शोधली. इंजेक्शन आता थांबवू.

परतीच्या वाटेवर आबा एवढंच म्हणाले, "काकीक सांगू नको." मी बरं म्हटलं. मला तेव्हा काही वाटलंच नाही. समोरचा रस्ता तेवढा दिसत होता.

काकीनं आबा बरे झाले म्हणून देवळात नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालणार कोण? आबाच. त्यांनी नारळ कानाशी हलवला. सगळ्या घरांची नावं घेतली, स्वतःचं सोडून. मग म्हणाले, "ह्यो माझो शेजारी गाडी हाकून दमलो आसा. तेका आता सुटी दी रे म्हाराजा."

लोक हसले आणि एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." सवयीनं माझ्याही तोंडून ते निघून गेलं.

पावसाआधीच आबा गेले. इस्पितळाचा वार सोमवार होता. अजून सोमवारी सकाळी मी गाडी सुरू करून अंगणातच बसतो. बॅटरी उतरू नये म्हणून, असं घरात सांगतो.