त्या वर्षीचा राब

राब भाजल्याचा वास अजून नाकात आहे. तळाशी धुमसणारं शेण, त्यावर ऐनाचा पाला, वाळकं गवत आणि सर्वांत वर पसरलेली माती. भाताची रोपं उगवायची तेवढी जागा पेरणीआधी अशी भाजून घेत. चैत्र सरताना त्या धुराचा करडा, गोडसर थर आमच्या आळीवर उतरे.

पुढे रसायनीत कारखाने उभे राहिले आणि लोधिवलीजवळची आमची आळी हळूहळू शहरासारखी होऊ लागली. शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या, खोल्यांत परगावचे कामगार, आणि सांजवाऱ्यात एक अनोळखी, आंबट दर्प. जमीन विकणारा विकल्याचं बोलत नसे, लाज वाटे. पण ज्याचा राब भाजला गेला नाही त्याचं शेत गेलं, हे आळी ओळखून असे. उन्हाळाभर आम्ही एकमेकांच्या शेतांकडे चोरून पाहत असू.

आमच्या घरामागे काकांचं शेत होतं. ते नात्याचे नव्हते, शेजारी. पण आमचं पिण्याचं पाणी त्यांच्याच विहिरीचं. आमच्या आडाचा तळ थंडीतच उघडा पडे. त्या वर्षी त्यांच्या बांधाशी एक जीप थांबलेली आईने पाहिली. तिने कुंपणावरून सहजच विचारल्यासारखं विचारलं, "भावजी, औंदा राब कधी?"

"उद्याच की. नाय भाजला तर खाऊ काय, वयनी? तुमी पन ना!" ते हसले. जरा घाईनेच.

दुसऱ्या दिवशी धूर निघाला आणि आई निवांत झाली. मला मात्र तो धूर पटेना. पातळ, कोरडा, कौलांपर्यंत येऊन विरणारा.

"आई, नुसता पाला जाळलाय. शेणाचा वासच नाही."

"तुझं नाक फार शहाणं!" ती म्हणाली. पण लगेच घरातली सगळी भांडी घासून पाणी भरायला काढली.

मी कळशी घेऊन विहिरीवर गेले. काकांच्या गोठ्यामागे वर्षभराच्या शेणाचा ढीग तसाच होता, वरची पापडीही न मोडलेली. काकू विहिरीच्या काठावर एकट्याच बसल्या होत्या.

"काकू, राबाला शेण नाही घातलं?"

त्यांनी माझ्या हातून दोर घेतला. स्वतः पाणी शेंदलं, कळशी काठोकाठ भरली, माझ्या कमरेवर नीट बसवली. मग राखेकडे पाहत म्हणाल्या,

"इकली."