आनंदीबाईंच्या खानावळीतला नाताळ

नाताळ जवळ आला की आनंदीबाईंच्या कपाळावर जी आठी पडते, ती नवं वर्ष उजाडल्याशिवाय काही उलगडत नाही. रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडात ना चर्च, ना कुणी ख्रिस्ती. पण शाळांना सुट्ट्या लागल्या की मुंबई-पुणं गड बघायला लोटतं आणि उतरताना भुकेनं कासावीस होऊन आनंदीबाईंच्या ओट्यावर येऊन बसतं. "मावशी, पनीर आहे का? मावशी, वायफाय आहे का?" मावशींकडे पिठलं असतं, तांदळाची भाकरी असते, गावठी कोंबडीचा रस्सा असतो आणि वर तोंडाचा पट्टा फुकट असतो. "वायफाय घरी हाय ना? मग इकडं मुकाट जेवा," म्हणत त्या ताट आदळतात. लोक तरी पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच येतात, पोराबाळांना घेऊन.

ही खानावळ त्यांच्याच हिमतीवर उभी राहिली. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून त्या लग्न होऊन आल्या, तेव्हा या घरात भाताची शेती होती आणि नवऱ्याचा रुबाब होता. भात वर्षभर पुरायचा नाही, रुबाब मात्र पुरून उरायचा. मग आनंदीबाईंनी चूल ओट्याजवळ आणली आणि गिऱ्हाइकांना भाकऱ्या घालायला लागल्या. नवरा, हैबती, रस्त्यावर उभा राहून गाड्यांना हात करतो. एवढंच त्याचं काम, पण दमतो असा की जणू गड त्यानेच बांधलाय.

यंदा तर त्याने कहर केला. महाडच्या बाजारातून कागदाची भलीमोठी चांदणी आणली, आत दिवा सोडला आणि ओट्याला टांगली. स्वतःच्या डोक्यावर सांताक्लॉजची लाल टोपी चढवली. "गिराइकांना बरं वाटतं गो," म्हणाला.

आनंदीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने दोन वर्षांपूर्वी पोटच्या पोरीला, अंकिताला, घराचा उंबरा बंद केला होता, आणि तोही ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं म्हणून! मुंबईत नोकरी करताना तिला वसईचा जॉयल आवडला. मुलगा सालस, घरचे शेतीवाडीवाले, बोलणं मराठीच. पण हैबतीचं एकच पालुपद, "भावकी काय म्हणेल?" तेव्हापासून त्याचा लेकीशी चकार शब्द नाही. त्या भावकीत कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की केक खायला मात्र हा सगळ्यांच्या पुढे.

"चांदणी चालते, टोपी चालते, केक चालतो. पोर तेवढी चालत नाय तुम्हाला!" आनंदीबाई करवादल्या.

"धंदा येगळा, घर येगळं," हैबती म्हणाला आणि टोपी सारखी करून रस्त्याला गेला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी अंकिताचा फोन आला. तिच्या सासरी नाताळची प्रार्थना झाली, शेजारीपाजारी फराळ वाटून झाला की सगळं घर मिळून कुठेतरी फिरायला निघतं. यंदा सासूबाईंनी रायगड काढला होता. "त्या म्हणतायत, जेवायला तुझ्याच आईकडे जाऊ. आई, बाबा काय म्हणतील गं?"

बाबा तिथेच बसून कान देऊन ऐकत होता. "येऊ दे," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "गिराईक म्हणून भायेर बसतील. आत नाय."

आनंदीबाईंनी कपाळावर हात मारला. विहीणबाई पहिल्यांदा दारात येणार आणि त्यांना बाकड्यावर बसवायचं! पण निदान पोर डोळ्यांना दिसेल, म्हणून त्या गप्प राहिल्या. गप्प राहायची त्यांना सवय नाही, त्यामुळे त्या दिवशी भांड्यांनी फार मार खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत वसईची गाडी आली. लाल चौकड्यांच्या लुगड्यातल्या विहीणबाई उतरल्या, जॉयल उतरला, मागून अंकिता. तिने उंबऱ्याकडे एकदा बघितलं आणि परक्यासारखी जाऊन बाकड्यावर बसली. आनंदीबाई पिठाच्या हातानेच बाहेर धावल्या.

"आत ये गो बाय."

"बाबांनी बोलावलं तर येईन."

घ्या! हट्टात बापाच्या वरताण. विहीणबाईंनी हसून डबा पुढे केला, "नाताळच्या करंज्या आहेत हो, मी केल्यात." आनंदीबाईंनी एक मोडून तोंडात टाकली. आत ओलं खोबरं आणि वेलची, अगदी त्या स्वतः गणपतीला करतात तशी. आणि याच माणसांपायी नवऱ्याने आपली पोर तोडली होती!

तेवढ्यात लाल टोपी घालून हैबती बाकड्यापाशी आला. गडाकडे नजर लावून त्याने स्वतःच्या लेकीला विचारलं, "व्हेज का नॉनव्हेज?"

बस्स! आनंदीबाई आत गेल्या, चुलीतली लाकडं ओढून काढली, त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

धूर बघून हैबती धावत आला. "येडी झालीस काय? ओटा भरलाय! भाकऱ्या कोन करनार?"

"धंदा येगळा, घर येगळं ना? घरातली बाई दमली. धंद्याचं तुमचं तुम्ही बघा."

"अगो, नाताळचं गिराईक हाय!"

"पोरीला हाक मारा. तवर या चुलीत काडी पडायची नाय."

बाहेर कुणीतरी ताटावर चमचा वाजवायला लागलं. हैबती दारात घुटमळला, आत बघितलं, बाहेर बघितलं. मग टोपी काढून मुठीत घेतली आणि बाकड्यापाशी जाऊन उभा राहिला.

"अंके," तो खाकरला, "तुझी आई चूल विझवून बसलीय. आता भाकऱ्या काय भावकी थापनार? ऊठ. आत चल."

अंकिता जागची हलली नाही. "भाकऱ्यांसाठी बोलावताय का माझ्यासाठी?"

"अगो, ऊठ आता, ताणू नको!" आतून आनंदीबाई ओरडल्या.

हैबतीने टोपीनेच डोळे पुसले. "तुझ्यासाठी गो. भाकऱ्या गेल्या खड्ड्यात."

"अहो काका, असं कसं?" एक भुकेलं गिऱ्हाईक कळवळलं, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड होती? अंकिता उठली आणि उंबरा ओलांडून आत आली.

दोन वर्षं आनंदीबाई मनातल्या मनात तिच्याशी किती बोलल्या होत्या! आता तोंडातून निघालं ते एवढंच, "बघत काय राहिलीस? हात धू आणि परातीला बस." मग मात्र तिला कवेत घेऊन त्या अशा रडल्या, की बाहेर चमचा वाजवणाऱ्याचाही हात थांबला.