निळ्या ज्योतीचा भरवसा

वेल्डरसाहेबांचा देवाहून जास्त विश्वास ज्योतीवर. रंग पाहून ते गॅसची चूक सांगत आणि कुणी विचारलं नाही तरी सल्लाही देत. तेव्हा लेबल नसलेली दारूची बाटली घरी आली, तशी त्यांनी चमचाभर ओतून काडी लावली. ज्योत निळीशार, म्हणजे दारू शुद्ध. झाली परीक्षा! दोन पेले पोटात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात ढवळू लागलं आणि डोळ्यांपुढे धुकं आलं. वेल्डिंगच्या झळीने डोळे येणं त्यांच्या घरचंच दुखणं. बायकोला पडदे ओढायला सांगून ते थेंब घालून पडले. पडल्या पडल्या, भेटायला आलेल्या मेहुणीची थट्टा मात्र चालूच. ती सरकारी प्रयोगशाळेत दारूचे नमुने तपासायची. दिवसभर दारूत हात आणि पोटात थेंब नाही, म्हणून त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं बाटलीबाई.

"भावजी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतंय का?" तिने विचारलं.

"छे गं. दुखत काहीच नाही. नुसतं धुकं."

झळीने डोळे आले की माणूस कळवळतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बाटलीबाईचा चेहरा उतरला. काल काय प्यायलात, तिने विचारलं. त्यांनी ज्योतीचा पराक्रम ऐकवला. डोळे घालवणारं विषारी मिथेनॉलही निळंच जळतं, म्हणत तिने बाटली पिशवीत टाकली आणि तपासणीची वाट न पाहता त्यांना गाडीत घालून रुग्णालय गाठलं. उताऱ्याचं औषध शिरेतून गेलं, यंत्राने रक्त धुतलं. धुकं विरायला बरेच दिवस लागले.

बरे झाल्यावर साहेबांनी हट्ट धरला, ती तपासणी मलाही बघू दे. प्रयोगशाळेत पांढऱ्या कागदापुढे दोन काचनळ्या. एकीत चांगली दारू, दुसरीत त्यांची. रूप सारखं, वासही सारखा. तिने दोन्हींत एक जांभळं औषध घातलं, दुसऱ्या औषधाने तो रंग पार घालवला. दोन्ही पुन्हा पाण्यासारख्या. मग आणखी एक औषध आणि नळीच्या कडेने जपून दाट आम्ल. नळ्या गरम झाल्या. पहिली होती तशीच राहिली. दुसरीत तळातून मिथेनॉलची खूण असलेला रंग चढू लागला.

साहेब नळीजवळ सरकले. एवढं सगळं त्या निवळ पाण्यात दडून बसलं होतं, आणि ते त्यांनी ग्लासात ओतून घेतलं होतं.

"कसला रंग दिसतोय, भावजी?" तिने नळीकडे नाही, त्यांच्या डोळ्यांकडे पाहत विचारलं.

ते वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"जांभळा," ते म्हणाले. "पार कडेपर्यंत जांभळा. बाटलीबाई, अजून एकदा कर ना."