फुटक्या काचांचा टोल

वहिनी काचेला बोट लावत नसत. तळहात लावत.

चहा उभ्यानेच पीत. बशी मात्र लागेच.

गिऱ्हाईक खोटं बोलायला लागलं की हातमोजे काढून ठेवत. म्हणजे ऐकून झालं.

रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या काचेच्या कडेवरून नजर फिरवत. काच वाईट बसवलेली दिसली की शिवी हासडत. ऐकायला कुणी असो नसो.

मी साहित्यात एम. ए. केलं म्हणून मला ‘विदुषीबाई’ म्हणत. ‘विदुषीबाई, काव्य झालं असेल तर ती टेप द्या.’

आणि गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावत नसत. सीटखाली सापडलेलं नाणं, काचेवर लेकराने चिकटवलेलं वाकडं चित्र, कसलाही कागद, काहीही. ‘दुसऱ्याचं आहे. राहू दे तसंच.’

या शेवटच्या सवयीने त्यांचा घात केला. हे मला शांतपणे लिहिता येणार नाही. प्रयत्न करून पाहिला.

गॅरेजांच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. गाड्यांच्या समोरच्या काचा बदलण्याचं. दुकान त्यांच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्याने आठवडा उलटायच्या आत विचारलं, ‘वहिनी, दुकानाचं काय करताय?’ वहिनींनी त्याच्याच टेम्पोची तडकलेली काच बदलून दाखवली. वर पूर्ण पैसे घेतले. पुन्हा कुणी विचारलं नाही.

मी दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहते. काच जड असते, दुसरं टोक धरायला माणूस लागतो. मी धरायची. एरवी त्यांचे दीर धरत. सगळी गल्ली त्यांना भाऊजीच म्हणते. दुकानाची व्हॅन तेच चालवतात.

आता टोलचं सांगते. शहराच्या मध्यभागाभोवती टोलचं कडं आहे. तिथे नाका नाही, फाटक नाही, पुढे केलेला हात नाही. रस्त्यावर लोखंडी कमान आहे. गाडीच्या समोरच्या काचेला आतून एक टॅग चिकटवलेला असतो. गाडी कमानीखालून गेली की कमान लहरी सोडते, टॅग आपला क्रमांक सांगतो आणि त्या क्रमांकाच्या खात्यातून टोल कापला जातो. कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो. सकाळच्या गर्दीत दर चढा, दुपारी उतरता. घरच्या गाडीचं एक खातं. कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं मिळून एक खातं, म्हणजे ड्रायव्हरला सुटे शोधायला नकोत आणि मालकाला महिन्याचा हिशेब आयता. टॅग वाचला गेला की खांबावरचा छोटा हिरवा दिवा एकदा लुकलुकतो. सोय आहे, नाही म्हणत नाही.

समोरची काच फुटली तरी विखरत नाही. तडे जातात, पण सालीसारखी अखंड निघते. टॅग तिच्यावरच राहतो. तो उचकटला तर फाटतो आणि मरतो, तसाच बनवलेला आहे. म्हणून नव्या काचेला नवा टॅग घ्यावा लागतो. वहिनी प्रत्येकाला सांगत, ‘जुना टॅग खात्यातून बंद करा.’ लोक हो म्हणत आणि जात. जुनी काच मागच्या अंगणात लाकडी घोडीवर उभी राही. काचा पुरेशा साठल्या की भाऊजी त्या व्हॅनमध्ये भरून, दुपारच्या स्वस्त वेळेत, शहराच्या पलीकडच्या काच वितळवणाऱ्या कारखान्यात नेत. कमानीखालून.

एकदा जेवताना भाऊजी म्हणाले, ‘तो खांब मला डोळा मारतो.’

‘कोण?’

‘टोलचा खांब. बाकीच्यांना एकदाच. मला चार-चार वेळा. आज तर थांबेचना पठ्ठ्या.’

‘भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या, ‘या वयात निदान खांबाला तरी आवडलात.’

मला ठसका लागला. आम्ही तिघं पोट धरून हसलो. तेव्हा आम्हाला काहीच कळलं नव्हतं.

वहिनींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक पार्सल कंपनी. तिच्या व्हॅन दिवसभर शहरात धावत आणि काचा फोडून घेत. एका सकाळी कंपनीचा मॅनेजर दुकानात आला. बसला नाही. भर गल्लीत, शटरच्या बाहेरच उभा राहिला.

‘आमच्या ज्या गाड्या दुपारी डेपोत उभ्या असतात, त्यांचा टोल कापला जातोय. तीन गाड्या, एकच कमान, एकच क्षण. आम्ही फोटो मागवला. फोटोत तुमची व्हॅन आहे.’

‘मग?’

‘मग काय! आमचे टॅग काढून तुम्ही स्वतःच्या गाडीला वापरताय. सरळ चोरी आहे.’

वहिनींनी हातमोजे काढले नाहीत. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. तेच मला जास्त भयंकर वाटलं.

‘माझ्या गाडीचा टोल माझ्या खात्यातून कापला गेलाय,’ त्या म्हणाल्या. ‘वर तुमच्या तीन गाड्यांचा कापला गेला. एकाच रस्त्याचे चार टोल कापायला लावून मी काय मिळवलं? मला वेड लागलंय का?’

‘ते मला माहीत नाही. सिस्टिममध्ये आहे ते आहे.’

तो गेला. काम बंद झालं. टोल कार्यालयाने वहिनींचं खातं ‘टॅगचा गैरवापर’ म्हणून गोठवलं. आता व्हॅन कमानीखाली गेली की दंड. दुकान कड्याच्या आत, काचांचा घाऊक व्यापारी बाहेर. व्हॅन दारात उभी राहिली.

पण व्हॅनचं त्यांना तितकं लागलं नाही. लागला तो शब्द. गल्लीने तो ऐकला होता. पंक्चरवाला ओरडायचा, ‘वहिनी, आमचा टॅग जपून ठेवलाय हं!’ एक टॅक्सीवाला काच बदलून होईपर्यंत त्यांच्या डोक्यावर उभा राहिला. दुसऱ्याच्या नाण्याला हात न लावणाऱ्या बाईच्या हातांवर तो पहारा देत होता. वहिनींनी काच बसवली. कड चोख केली. मग अंगणात जाऊन नळाखाली किती तरी वेळ हात धूत राहिल्या.

तिथेच त्या घोडीवरच्या काचांकडे बघत थांबल्या.

‘भाऊजी!’ त्यांनी हाक मारली. ‘तुमचा खांब डोळा कधी मारायचा? काचा भरलेल्या असताना की रिकामं येताना?’

भाऊजी विचारात पडले. त्यांचा चेहरा उतरला. ‘जाताना. येताना एकदाच.’

दंड सोसून आम्ही व्हॅन काढली. मी मागे, काचांना धरून. रस्त्याकडेला उभ्या राहून वहिनी दिवा बघत होत्या. व्हॅनचा स्वतःचा टॅग गोठवलेला. तरी दिवा लुकलुकला, आणि लुकलुकतच राहिला. घोडीवरून व्हॅनमध्ये चढवलेल्या मेलेल्या काचा आपापले क्रमांक सांगत होत्या. कुणी कुठे ते टॅग बंद केलेच नव्हते. पार्सल कंपनीने नवे टॅग मागवताना ‘जुना बंद करा’ या चौकोनावर टिचकीसुद्धा मारली नव्हती. एक टिचकी! त्यांच्याच्याने एवढं झालं नाही, आणि चोर कोण, तर वहिनी.

आम्ही दोघी टोल कार्यालयात गेलो. खिडकीत माझ्याच वयाचा मुलगा होता.

‘तक्रार ॲपवरून करा, मॅडम.’

‘ॲप आत घेत नाही. खातं गोठवलंय.’

‘मग आधी खातं सुरू करून घ्या.’

‘ते कसं?’

‘तक्रार करून.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनींचा आवाज मात्र चढला नाही. ‘बाळा, फोटोत गाडी कोणाची?’

‘तुमची.’

‘टॅग कोणाचा?’

‘पार्सलवाल्यांचा.’

‘म्हणजे गाडी एकीची, टॅग दुसरीचा. हे तुमच्या यंत्राला दिसत नाही?’

‘दिसतं ना. म्हणून तर गैरवापर.’

वहिनींच्या हातात मोजे नव्हते. तरी त्यांनी मोजे काढल्यासारखी एकेक बोट ओढली. मग खिडकीसमोरच्या बाकावर बसल्या. जेवणाची सुट्टी झाली, उठल्या नाहीत. रखवालदार आला, उठल्या नाहीत. ‘मला माझे पैसे नकोत,’ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. ‘तो शब्द मागे घ्या. गल्लीत येऊन घ्या, जिथे बोललात तिथे.’ शेवटी आतून एक तपासनीस बाहेर आला. गुरुवारी गल्लीत येतो म्हणाला. टॅगवाल्या काचा एकदा, टॅग काढलेल्या काचा एकदा, अशी व्हॅन त्याच्यासमोर कमानीखालून न्यायची. दिवा काय करतो ते तो लिहून घेणार.

परत आल्यावर वहिनींनी पातं काढलं. अंगणातल्या एकेका काचेवरचा टॅग खरवडायला बसल्या. काचा ढिगाने होत्या. मी दुसरं पातं उचललं.

‘ठेवा ते, विदुषीबाई. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही हा नियम माझा. मोडायचा तर मीच मोडीन.’

‘वहिनी, हात बघा. रक्त येतंय.’

‘येऊ दे. पहिल्या फेरीपुरत्या तीन-चार ठेवून बाकी सगळ्या साफ करणार. पुन्हा यातली एकही बोलता कामा नये.’

पार्सल कंपनीला तोवर कापलेला टोल परत मिळाला होता. गुपचूप. म्हणजे चूक झाल्याचं कुठे तरी कुणाला तरी कळलं होतं. मॅनेजरला मी फोन केला. तो म्हणाला, ‘आमच्याकडून विषय संपला.’ तुमच्याकडून!

बुधवारी दुपारी भाऊजी डबा घेऊन अंगणात गेले. वहिनी घोडीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. एका शब्दात उरकलं.

गुरुवारी तपासनीस आला. वेळेवर आला, हे सांगायला हवं.

‘अर्जदार कुठे आहेत?’

भाऊजींनी सांगितलं. त्याने हातातली फाइल मिटली. मग म्हणाला, ‘फार वाईट झालं. तपासणी रद्द समजू.’

भाऊजींना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही त्यांनी चढवला नाही. ‘साहेब, साफ केलेल्या काचा आत्ता चढवतो. कमान जवळच आहे. दिवा गप्प राहतो की नाही, एवढंच बघा.’

‘अर्जदाराशिवाय होत नाही. नियम आहे.’

पंक्चरवाला आपल्या दारात उभा होता. त्याने मान खाली घातली. त्याच्या मान खाली घालण्याचं मी काय करू?

संध्याकाळी पार्सल कंपनीकडून फुलं आली. पार्सलने. घेणाऱ्याची सही हवी होती. मी केली नाही.

अंगणात उजवीकडच्या काचा साफ आहेत. डावीकडच्या राहिल्या आहेत. मधल्या काचेवर कुणा लेकराने चिकटवलेलं वाकडं बदक आहे. त्याला वहिनींनी हात लावलेला नाही. त्याच्या शेजारचा टॅग एका कोपऱ्यात सुटला आहे, बाकी घट्ट आहे. पातं तिथेच, टॅग आणि काच यांच्यामध्ये अडकलेलं आहे.