इस्लाह बाकी आहे

मुलाणी सर वहीच्या पानाला उभी घडी घालायचे आणि उजव्या अर्ध्या भागातच गझल लिहायचे. डावा भाग उस्तादांच्या दुरुस्तीसाठी. उस्ताद जाऊन बावीस वर्षं झाली होती, तरी सरांची घडी चुकली नाही.

जामखेडला त्यांची उर्दू शाळा आणि मी शिकवायचो ती मराठी शाळा एकाच आवारात. मधल्या सुट्टीत ते आमच्याकडे चहाला यायचे. उर्दू ही दिल्ली-लखनौची मिरास असं कोणी म्हटलं, की सर बशी खाली ठेवायचे आणि मग आमची सुटका नसे. फौजांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर, फकिरांबरोबर उत्तरेची बोली इकडे आली, मराठी-कानडी-तेलुगूत मिसळली आणि इथंच तिच्यात कविता होऊ लागली, हे ते दर वेळी नव्या हुरुपानं सांगायचे. "दिल्लीचे शायर फारशीत लिवत हुते ना, तवा हितं दख्खनमधी आमची जबान गानी रचत हुती. अन् आमालाच म्हन्तात, तुमी अशुद्ध बोलता."

असा हा माणूस स्वतःची एक ओळ चारचौघांत म्हणत नसे. तरुणपणी त्यांनी नगरच्या एका उस्तादांचं शागिर्दपण पत्करलं होतं. शागिर्दानं लिहिलेलं उस्तादांनी तपासायचं, म्हणजे इस्लाह करायची, आणि मगच ते मुशायऱ्यात वाचायचं, असा रिवाज. सरांनी तसा शब्दच दिला होता. उस्ताद उत्तरेच्या वळणाचे. सरांच्या घरच्या दख्खनी बोलीतल्या ओळींवर काट मारून ते कागद परत पाठवायचे. एकही गझल पसंत पडण्याआधी ते वारले. दुसरा उस्ताद करणं सरांना बेइमानी वाटे. "शब्द दिलाय. ज्याला दिला त्योच न्हाई, मंग परत कुनाकडून घिऊ?" असं ते म्हणायचे.

मला हे बघवेना. त्यांच्या निरोपसमारंभात मी त्यांना न विचारता त्यांचं गझलवाचन जाहीर करून टाकलं. सर माइकपाशी गेले, वही उघडली, घाम पुसला आणि उस्तादांचीच एक गझल म्हणून खाली बसले. टाळ्या पडल्या. मी मात्र चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. इतका शहाणा माणूस आपणच आपल्याला कोंडून घेतो, याची मला चीड आली होती.

गेल्या वर्षी सरांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो, तेव्हा भाभी चहा ठेवायला आत गेल्या आणि सरांनी उशाखालची वही काढली. मला ती लिपी वाचता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"मी म्हन्तो, तुमी ऐका," ते म्हणाले. "पटलं तर पटलं म्हना. तुमीच करा इस्लाह."

मी गडबडलो. कानाला हात लावून म्हटलं, सर, माझी काय पात्रता? तुम्ही बरे व्हा, आपण नगरला कोणी चांगला जाणकार गाठू. किती नम्रपणे बोललो, याचं मला समाधानही वाटलं.

"हौ. बराबर हाय," सर म्हणाले, आणि वही परत उशाखाली ठेवली. चहा आला. आम्ही शाळेच्या गोष्टी बोलत बसलो.

त्या भेटीनंतर अकराव्या दिवशी सर गेले. वही आता माझ्याकडे आहे. जाणकारही भेटलेत, छापू म्हणतात. पण सरांची स्वतःची एकही ओळ त्यांच्या आवाजात कोणी ऐकली नाही. इतकी वर्षं अडकून पडलेला माणूस त्या दिवशी स्वतःहून दारापर्यंत आला होता आणि मी त्याला आत लोटलं. ‘म्हणा सर’, एवढंच बोलायचं होतं मला.