पुलाखाली कोण उभं राहील

बिभीषण पाथर्डीकडचा. दिवाळी सरली की बायकोला, सुकन्याला, घेऊन ऊसतोडीला प्रवरेकाठी यायचा. संशय हा त्याचा जुना आजार. दुकानातलं मीठसुद्धा जिभेला लावून बघितल्याशिवाय घेत नसे. पण पुलांच्या बाबतीत त्याला कारण होतं. मागं एका डागडुजी केलेल्या पुलावर वरचा थर पापुद्र्यासारखा निघाला होता. बैलाचा पाय भोकात गेला, तो मोडूनच वर आला. तेव्हापासून कुठलाही पूल आला की तो सुकन्याला उसावरून खाली उतरवी, आणि स्वतः कासरा धरून बैलांच्या पुढं चाले.

यंदा कोल्हारच्या अलीकडं कालव्याच्या कोरड्या चारीवरचा जुना पूल दुरुस्त होऊन उघडला. सडलेलं काँक्रीट फोडून वर नवा थर दिलेला. बिभीषणनं भरली गाडी थांबवली, कडेला बसून थर मापला. अवघा दोन बोटं.

"म्याडम, ह्यात खडी कुठंय?"

"खडी नाहीच यात, मामा," काम बघणारी इंजिनिअर अश्विनी म्हणाली. "केसासारख्या बारीक पोलादी तारा आहेत. जुन्यापेक्षा कितीतरी दणकट."

"खडीबिगर काँक्रीट म्हंजे पिठाबिगर भाकर. मागल्या पुलाचा सायब बी असाच ग्वाड बोलत हुता."

"बिभीषणा, पूल बघाया आलाय का पोरगी?" मागच्या गाडीवरून रामहरी म्हणाला.

"म्याडम, एवढा दणकट हाय तर तुमी खाली उभ्या ऱ्हावा. मी गाडी घालतो."

बाई काहीतरी निमित्त काढील असं त्याला वाटलं. पण ती उतारावरून खाली गेलीसुद्धा. एवढी लगबग बघून त्याचा संशय आणखी बळावला. ही नक्की भिंतीला चिकटून उभी राहणार.

"सुकन्या, जा, मधोमध हाय का बघ."

गाडी पुलाच्या मध्यावर आली तेव्हा त्यानं बैल थांबवून कान दिला. खाली दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या.

"अगं, तू काय करती तिथं? भाईर नीघ."

"तुमीच धाडलं न्हवं? हायेत म्याडम मधोमध."

"बघितलंस ना? ये वर."

"एकल्या बाईला सोडून? हाका तुमी."

बिभीषणनं वळून बघितलं. मागं रामहरीची गाडी खेटलेली, बैल माघारी वळायला जागा नाही. त्यानं थरावर भेग शोधली, सापडली नाही. तरीही पाऊल उचलेना. शेवटी कासरा ओढला. जू करकरलं. मान खाली घालून, पायाखालचा वीतवीत पूल न्याहाळत तो पलीकडं पोचला.

मागोमाग रामहरीनं बैलांना हाक दिली. बिभीषण पळत माघारी आला, त्याच्या बैलांपुढं आडवा उभा राहिला.

"थांब. बाया वर यिऊ दे आधी."

"आजून बी पुलावर भरवसा न्हाई व्हय?"

"पुलावर हाय," बिभीषण म्हणाला. "तुझ्या गाडीवर न्हाई."