रादोयला कुणी विचारलं का?

त्या ऑक्टोबरात नेदका आणि तिचा नवरा रादोय दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. कारण जुनंच होतं, गावाकडची जर्दाळूची बाग. नेदकाचं म्हणणं, विकून टाकू. गुडघे गेले, मुलगी तिकडे स्पेनमध्ये, छाटणी-फवारणी कोण करणार? रादोयचं म्हणणं, बापानं लावलेली झाडं आहेत, हात लावायचा नाही. हे भांडण इतक्या वेळा झालं होतं की दोघांना एकमेकांची वाक्यं पाठ होती. पण या खेपेला रादोय म्हणाला, "माझ्या मरणाचीच वाट बघायचीय ना तुला? मग बघ." नेदकानं तोंड मिटलं ते मिटलंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात ल्युतेनित्सा चटणीसाठी लाल ढोबळ्या मिरच्या भाजत बसली होती. त्या आठवड्यात डॅन्यूब नदीकाठच्या तुत्राकानमध्ये प्रत्येक अंगणातून तोच जळक्या सालीचा वास येत असतो. रादोय तळघरातून बरण्यांची पेटी घेऊन वर आला, पेटी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघून काहीतरी बोलला. शब्द सगळे ओळखीचे, पण एकापुढे एक लावले की अर्थ लागेना. 'खिडकी', 'तिकीट', मग परत 'खिडकी' असं काहीतरी.

रादोय पहिल्यापासून नकल्या. एकोणतीस वर्षं त्यानं तुत्राकान ते रुसे बस चालवली, आणि घरी आला की त्या दिवशीचे उतारू एकेक करून जेवणाच्या टेबलावर उभे करायचा. पिऊन चढलेला म्हातारा तर फार हुबेहूब करायचा. नेदकाला वाटलं, स्वारी समेटाला आलीय. मान वर न करता ती म्हणाली, "सोंगं पुरेत. बोलायचं असेल तर सरळ बोल."

तो बाकावर जाऊन बसला. ती मिरच्या सोलत राहिली. जवळजवळ तासभर. मग शेजारची साब्रिये मोठं पातेलं मागायला कुंपणाशी आली आणि किंचाळली, "नेदका! अगं, त्याच्या तोंडाकडे बघ!"

तोंड एका बाजूनं उतरलं होतं. उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता.

इस्पितळातला तरुण डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. मग तिचा चेहरा बघून त्यानं घाईघाईनं जोडलं, कदाचित फारसा फरक पडलाही नसता. नेदकानं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं बरोबर घरी नेलं.

तीन आठवड्यांनी रादोय काठी टेकत घरी आला. पाय बराच सुधारला होता, उजवा हात अर्धामुर्धा. पण बोलणं गेलं होतं. राहिला होता एकच शब्द: मंगळवार. पाणी हवं, मंगळवार. दार लाव, मंगळवार. हाच शब्द का, ते कुणालाच सांगता येईना. झटका आला तो दिवसही मंगळवार नव्हता. डॉक्टरनं या दुखण्याला अफेझिया म्हणतात असं सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं.

रादोयला आपण काय म्हणतोय ते ऐकू यायचं, हे त्यातलं सर्वांत वाईट. शब्द तोंडातून पडला की त्याचा चेहराच सांगायचा, हा नव्हता. तो पुन्हा जोर लावायचा, आणि पुन्हा तेच. मग नेदकाचा प्रश्नांचा रहाट सुरू व्हायचा.

"मीठ? ताक? खिडकी उघडू? बंद करू? पाय दुखतोय? अरे, मग काय? रेडिओ?"

'हो' आणि 'नाही' यांचाही त्याचा गोंधळ व्हायचा. मान एक सांगायची, डोळे दुसरं. कधी विसाव्या प्रश्नाला उत्तर सापडायचं, चष्मा हवा होता. कधी सापडायचंच नाही, आणि तो टेबलावर डावी मूठ आपटून भिंतीकडे तोंड करून बसायचा. असं दिवसातून दहा-बारा वेळा. संध्याकाळी बिल्यानाचा, मुलीचा, झारागोझाहून फोन आला आणि तिनं विचारलं, "कशी आहेस गं आई?" की नेदकाला स्वतःसाठीसुद्धा शब्द सापडायचा नाही. "ठीक," ती म्हणायची.

पहिले पहिले लोक खूप आले. जुने ड्रायव्हर केक घेऊन आले, रादोयशी बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडून बोलले, मग आपसात डिझेलवर बोलले आणि निघून गेले. दुसऱ्यांदा कमी आले. नाताळनंतर येणारे दोघेच उरले, साब्रिये आणि रादोयचा धाकटा भाऊ कांचो. कांचो मनानं चांगला, पण भावाच्या शेजारी बसून वहिनीला विचारायचा, "जेवतो का हा? झोप लागते का याला?"

एकदा तो रादोयच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "काय रे, छान वाटतंय ना बाळा?" आणि रादोयच्या तोंडून, मंगळवार नाही की अडखळणं नाही, एक सणसणीत शिवी बाहेर पडली. बसला आडवे येणाऱ्या ट्रकवाल्यांना द्यायचा, तीच, पुरी, आईबहिणीसकट. मग साब्रिये दारातून म्हणाली, "घ्या! बरा झाला की!" आणि नेदका कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली. मागोमाग तिला रडू आलं, म्हणून ती उठून भांडी घासायला गेली.

रुसेला आठवड्यातून एकदा तिओदोरा नावाची एक बाई त्याला बोलायला शिकवायची. साठ किलोमीटर जायचं, साठ यायचं, तेही रादोयच्याच जुन्या बसनं, आता दुसराच कुणी चालवत असलेल्या. शिवीचा किस्सा ऐकून तिओदोरा म्हणाली, "शिव्या, आकडे, प्रार्थना असलं आपोआप येतं, ते वेगळ्या वाटेनं येतं. त्यावरून शब्द परतले असं समजू नका. पण एक ध्यानात ठेवा, नेदकाताई. त्यांची अक्कल कुठे गेलेली नाही. एका वेळी एकच गोष्ट विचारा. कागदावर काढा. आणि मग थांबा."

"किती थांबू?"

"तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त."

नेदकानं मान डोलावली. मनात म्हणाली, बाई, तू आठवड्यातून तासभरच थांबतेस.

मार्चमध्ये बागेला गिऱ्हाईक आलं. बाग रादोयच्या नावावर, म्हणून नेदका एकटीच नोटरीकडे चौकशीला गेली. नोटरी म्हणाला, "मालकानं माझ्यासमोर स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. एवढा एकच शब्द येत असेल, तर मी सही घेऊ शकत नाही."

कांचोनं तोडगा आणला. "वहिनी, कोर्टात अर्ज द्यायचा. त्याला समजत नाही असं ठरवून घ्यायचं, तू पालक व्हायचंस. मग बाग, पेन्शन, सगळे कागद तुझ्या सहीनं. रोजची कटकट मिटेल."

बिल्यानाही फोनवर म्हणाली, "आई, तू किती ओढणार? कर ना सोपं."

सोपं. हा शब्द नेदकाच्या कानाला इतका गोड लागला की तिनं दुसऱ्याच दिवशी अर्जाचा कागद आणला. भरून झाला. सही तेवढी राहिली. तो तिनं शिवणाच्या डब्याखाली ठेवला, आणि रादोयची नजर तिकडे गेली की तिला उगाच काहीतरी काम आठवायचं.

साब्रियेला तिनं हे सांगितलं तेव्हा ती सूर्यफुलाच्या बिया दातांनी सोलत होती. तिचे दात थांबले. "रादोयला कुणी विचारलं का?"

"कसं विचारू? मंगळवार म्हणेल."

"म्हणू दे. तू विचार तरी."

"तुझं काय जातंय बोलायला! तुला रोज नाही करावं लागत." नेदकाचा आवाज चढला. "मी थकलेय, साब्रिये. मला आता काही म्हणजे काहीच विचारायचं नाहीये कुणाला."

"थकलीस ते दिसतंय," साब्रिये म्हणाली. "म्हणूनच सांगते. थकल्यावर केलेली सही नंतर पुसता येत नाही."

दोन दिवस नेदका तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं टेबल पुसलं, रेडिओ बंद केला आणि कागद-पेन्सिल घेऊन रादोयसमोर बसली. कागदावर झाडांच्या रांगा काढल्या. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला गाडीत बसलेला माणूस.

"बाग," ती म्हणाली. "हा माणूस विकत घेतो म्हणतोय. विकायची?"

आणि ती थांबली. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. अंगणात साब्रियेची कोंबडी शिरली होती, तरी ती उठली नाही. रादोयनं डाव्या हातानं पेन्सिल घेतली. कितीतरी वेळ ती कागदावर नुसती टेकवून ठेवली. मग त्यानं गाडीपासून झाडांपर्यंत एक रेघ ओढली. वाकडीतिकडी, पण पोचली.

तो विकायला तयार आहे यावर नेदकाचा विश्वास बसेना. तिनं दुसरा कागद घेतला, चित्र उलट्या बाजूनं काढलं, पुन्हा विचारलं. पुन्हा रेघ गाडीकडेच. मग त्यानं विहिरीजवळच्या कोपऱ्यात दोन झाडांभोवती गोल काढला आणि त्यावर बोट आपटत राहिला.

"ती दोन विकायची नाहीत?"

"मंगळवार!"

"फळं? दरवर्षी त्या दोन झाडांची फळं आपल्याला?"

त्याचे खांदे खाली आले. हेच होतं ते.

मग तिनं शिवणाच्या डब्याखालचा अर्ज काढला. लपवायचं आता बळ नव्हतं. काय आहे ते लहान लहान वाक्यांत सांगितलं. रादोयनं तो कागद टेबलावरून सरकवत सरकवत कडेपर्यंत नेला आणि खाली पाडला. मग तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मी मिरच्या भाजत होते," नेदका एकदम म्हणाली. "तू बोललास, आणि मला वाटलं थट्टा करतोयस. तासभर, रादोय. तासभर बसवून ठेवलं मी तुला."

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ बोलला, मंगळवार, मंगळवार, खाली-वर होणाऱ्या सुरात, एखादी मोठी गोष्ट सांगावी तसा. ती क्षमा होती की तक्रार, की त्या सकाळी खरंच काय सांगायला आला होता ते, हे तिला कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही. शेवटी त्यानं डाव्या हातानं तिचा कोपर धरला, आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि स्वतःचा गाल तळहातावर टेकवून डोळे मिटले. झोप जा, म्हणत होता.

ती गेली आणि साडेतीन तास झोपली. उठली तेव्हा सिंकमध्ये उष्टी ताटं तशीच होती, आणि कोंबडी स्वयंपाकघरात.

अर्ज गेला नाही. कांचो रुसला, बिल्याना फोनवर रडली, आणि दोघंही महिन्याभरात वळणावर आली. तिओदोरानं सिलिस्त्रामधली दुसरी एक नोटरीबाई शोधून दिली. ती पन्नाशीची, घोगऱ्या आवाजाची. तिनं नेदकाला बाहेर बसवलं, दोन साक्षीदारांसमोर रादोयला तोच प्रश्न चित्रांवरून तीन तऱ्हांनी विचारला, आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात परत या. उत्तर तेच येतं का बघते." म्हणजे पुन्हा बस, पुन्हा काठी, पुन्हा जिना. उत्तर तेच आलं. रादोयनं डाव्या हातानं सही केली. ती करायला त्याला इतका वेळ लागला की एका साक्षीदारानं घड्याळ बघितलं. नोटरीबाईनं त्या माणसाकडे असं पाहिलं की त्यानं हात खिशात घातला.

त्या सहीनं रोजचं काही बदललं नाही. प्रश्नांचा रहाट चालूच राहिला. उन्हाळ्यापर्यंत रादोयला आणखी चार-पाच शब्द आले, त्यातले दोन भलत्याच जागी येतात. कधी नेदका थांबते, कधी तिचा धीर सुटतो आणि ती ओरडते, मग दोघंही तोंड फिरवून बसतात, पूर्वीसारखीच.

एक मात्र तिनं केलं. कांचोला सांगितलं, "दर गुरुवारी दुपारी तू यायचंस. मी नसणार."

"पण मला त्याचं बोलणं कळत नाही, वहिनी!"

"मलाही कळत नाही. बस जाऊन."

पहिल्या गुरुवारी दोघं भाऊ अवघडून समोरासमोर बसले. मग कांचोनं कपाटावरून फाशांचा पट काढला. फासे पडले तसा रादोय सोंगट्या हलवू लागला, झरझर, चुकत नव्हता, आणि तिसऱ्या डावाला कांचो कपाळाला हात लावून बसला.

नेदकानं ते दारातून बघितलं, शाल घेतली आणि डॅन्यूबच्या काठी बाकावर जाऊन बसली. पलीकडे रोमानियाचा किनारा, मधून वाळूची एक बार्ज चाललेली. दळण आणायचं होतं, औषधाच्या दुकानात जायचं होतं. ती कुठेच गेली नाही. कुणी काही विचारत नव्हतं, तिलाही कुणाला काही विचारायचं नव्हतं. बार्ज वळणाआड जाईपर्यंत ती बसून राहिली, आणि मग आणखी थोडा वेळ.